स्टुडिओतली सिटकॉम चालते कशी, पडते कशी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी आठ पायऱ्या

२००६ साली सीबीएस या अमेरिकन वाहिनीसाठी एका नव्या विनोदी मालिकेचा पहिला भाग चित्रित झाला. शेल्डन आणि लेनर्ड हे दोन अतिहुशार पण जगाच्या व्यवहारात अगदीच कच्चे शास्त्रज्ञ, आणि त्यांच्या आयुष्यात आलेली केटी नावाची फटकळ, टक्केटोणपे खाल्लेली मुलगी. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना ते दोघं आवडले, केटी मात्र आवडली नाही. अंगाने वाढलेली ही दोन लहान मुलंच आहेत आणि ही बाई त्यांना दुखवणार, अशी धास्ती लोकांना वाटली. वाहिनीने तो भाग दाखवला नाही, पण बनवणाऱ्यांना आणखी एक संधी दिली. चक लॉरी आणि बिल प्रेडी यांनी केटीला काढलं, तिच्या जागी मनाने मोकळी, त्या दोघांशी मायेने वागणारी शेजारीण पेनी आणली आणि जोडीला हॉवर्ड आणि राज हे दोन मित्र दिले. २४ सप्टेंबर २००७ ला 'द बिग बँग थिअरी' सुरू झाली आणि २०१९ च्या मे महिन्यात २७९ भागांवर थांबली.

स्टुडिओ सिटकॉमबद्दल, म्हणजे स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या विनोदी मालिकेबद्दल, मला जे सांगायचं आहे ते या एका बदलात आहे. लेखकांनी समोर बसलेल्या माणसांचं ऐकलं, म्हणून मालिका वाचली.

ज्यांना असं काही लिहून पाहायचं आहे, किंवा एक मालिका का चालली आणि तिच्यासारखीच दुसरी का पडली हे नीट समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. एक वही, एक पेन्सिल आणि आठवडाभर रोज तासभर वेळ एवढं पुरे.

पायरी १: समोर नाटक चाललं आहे हे ओळखा

'फ्रेंड्स'चा कुठलाही भाग लावा आणि कॅफेतला तो नारिंगी सोफा बघा. त्याचं तोंड तुमच्याकडे आहे. टेबलाच्या अलीकडे, तुमच्याकडे पाठ करून सहसा कुणी बसत नाही. खोलीला भिंती तीनच आहेत. चौथ्या बाजूला कॅमेरे आणि त्यांच्यामागे चढत्या बाकांवर बसलेली दोनतीनशे माणसं. या पद्धतीला मल्टी-कॅमेरा म्हणतात. आज साधारण चार कॅमेरे एकाच वेळी चालू असतात आणि नट अख्खा प्रवेश सलग करतात.

ही पद्धत १९५१ मध्ये 'आय लव्ह लूसी'ने रुळवली. ल्युसिल बॉल आणि डेझी अर्नाझ या जोडप्याला मालिका फिल्मवर हवी होती आणि समोर प्रेक्षकही हवे होते. छायालेखक कार्ल फ्रॉइंड जर्मनीत मूकपटांच्या काळात घडलेला माणूस. तीन कॅमेरे एकदम चालणार म्हटल्यावर प्रत्येक कोनासाठी वेगळे दिवे लावायला सवड नाही, म्हणून त्याने सगळ्या सेटवर सारखा, वरून पडणारा उजेड दिला. आजही स्टुडिओ सिटकॉम जरा सपाट, लख्ख दिसते ती या गरजेपोटी. तो दोष धरू नका.

'मॉडर्न फॅमिली' किंवा 'द ऑफिस' ही वेगळी जात. त्या सिनेमासारख्या एकेक शॉट लावून घेतल्या जातात, समोर कुणी नसतं. दोन्हींना एकच मोजपट्टी लावली की सगळं चुकत जातं.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांना यातलं बरंच समजावून सांगावं लागत नाही. वाक्याला हशा आला की थांबायचं, हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, पण तो पार विरू द्यायचा नाही, हे व्यावसायिक नाटकातला नट प्रयोगागणिक शिकतो. सिटकॉममधला नट तेच करत असतो.

पायरी २: हशाबद्दलचा गैरसमज काढून टाका

"हे डबाबंद हसणं आहे, आपल्याला हसवण्यासाठी वाजवतात," असं तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. १९५० च्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनी-तंत्रज्ञाने हशांचं एक यंत्र बनवलं. कळ दाबली की पाहिजे तसं हसू, खुदखुदण्यापासून गडगडाटापर्यंत. पुढची दोन दशकं कितीतरी अमेरिकन मालिकांत तेच वाजलं. पण 'चीअर्स', 'फ्रेझर', 'फ्रेंड्स', 'बिग बँग' यांच्या हशाचा पाया स्टुडिओत बसलेल्या माणसांचा आहे. संकलनात तो कापला-जोडला जातो हे खरं, तरी तो आलेला असतो.

'हाउ आय मेट युवर मदर'ची तऱ्हा निराळी. तिच्यात इतके छोटे प्रवेश आणि इतकं मागे-पुढे जाणं होतं की प्रेक्षकांसमोर सलग करणं शक्यच नव्हतं. मग तयार झालेला भाग लोकांना दाखवायचे आणि त्यांचं हसणं ध्वनिमुद्रित करायचे.

इंटरनेटवर 'बिग बँग'मधला हशा काढून टाकलेले तुकडे फिरतात. बघा, हशा काढला की किती भयाण वाटतं, असा त्यांचा सूर असतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही. नट हशासाठी थांबलेला आहे. हशा पुसला की उरते ती भोकं. एखाद्या रंगलेल्या प्रयोगाच्या ध्वनिफितीतून प्रेक्षक पुसून टाका, तीही तशीच ऐकू येईल.

आता पहिला सराव. एक भाग घ्या, चित्राकडे पाठ करा, फक्त ऐका. प्रत्येक हशाला वहीत खूण करा: बारीकशा हशाला एक रेघ, मोठ्याला दोन, आणि जिथे टाळ्या पडल्या तिथे गोल. जिथे लोक हसले नाहीत पण "ओऽऽ" असं हळहळले, तिथे फुली. भाग संपला की वही बघा. चांगल्या मालिकेत रेघा एकसारख्या नसतात. बारीक हशे साठत साठत एका मोठ्या हशापर्यंत जातात, मध्ये एखादी फुली असते. ओळीला एक, ओळीला एक असे सारखेच हशे दिसले तर ती मालिका विनोदांची यादी वाचते आहे असं समजा. मी हा सराव कित्येक भागांवर केला आहे आणि फुलीची जागा शोधणं मला नेहमी सगळ्यांत मोलाचं वाटलं आहे. लोक त्या पात्रात जीव गुंतवून बसले आहेत, एवढं ती फुली सांगते.

कुठे हसायचं नाही हेही ठरवावं लागतं. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश'मध्ये वाहिनीच्या आग्रहाखातर हशाची पट्टी होती, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत ती वाजवायची नाही असं बनवणाऱ्यांनी ठरवून घेतलं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती मालिका हशाविनाच दाखवली.

पायरी ३: माणसं आणि जागा तपासा

विनोद चांगले असूनही पडलेल्या मालिका पुष्कळ आहेत. माणसं चांगली असून पडलेल्या फार थोड्या. म्हणून नवी मालिका बघताना तीन गोष्टी विचारा.

ही माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर का येतात? 'चीअर्स'मध्ये बॉस्टनमधला बार आहे, 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये किनाऱ्यावरच्या गावातलं हॉटेल. गिऱ्हाईक येणारच, दार उघडणारच. 'बिग बँग'मध्ये इमारतीची लिफ्ट बंद आहे. हे फार हुशारीचं आहे. लिफ्ट चालू असती तर दोन माणसं दहा सेकंदांत वर पोचली असती. जिना चढावा लागतो, म्हणून मजल्यामजल्यावर बोलणं होतं. सेटवर जिना एकाच मजल्याचा होता, बारीकसारीक वस्तू बदलून तोच वेगवेगळे मजले म्हणून वापरायचे. कमी खर्चात मालिकेला कायमचा एक प्रवेश मिळाला.

दुसरं, कुठलीही दोन पात्रं एका खोलीत कोंडली तर काही घडेल का? शेल्डन आणि पेनी, शेल्डन आणि लेनर्ड, पेनी आणि राज, प्रत्येक जोडीचा सूर निराळा लागतो. पडणाऱ्या मालिकेत एकच जोडी बोलते आणि बाकीचे दारातून येऊन एक वाक्य टाकून जातात. 'बिग बँग'मध्ये चौथ्या सीझनपासून बर्नाडेट आणि एमी या दोघी पूर्णवेळ आल्या, तेव्हा अशा जोड्यांची संख्या एकदम वाढली. ती मालिका बारा सीझन तग धरू शकली याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

तिसरं, पात्रांची नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते ओळखू येतं का? येत नसेल तर लेखकाला विनोद सुचले आहेत, माणसं सुचलेली नाहीत.

आवडण्यासारखं पात्र म्हणजे गुणी पात्र, असा अर्थ मात्र घेऊ नका. 'फॉल्टी टॉवर्स'मधला हॉटेलमालक बेझिल फॉल्टी उद्धट आहे, भित्रा आहे, नोकरावर हात उचलतो. तरी आपण त्याच्याबरोबर असतो, कारण अब्रू वाचवायची त्याची धडपड खरी आहे आणि प्रत्येक खोटेपणाची शिक्षा त्याला त्याच भागात मिळते. त्या मालिकेचे अवघे बारा भाग आहेत, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे. बाराही पाहा, हवं तर दोनदा. दाराचा, टेलिफोनचा आणि जिन्याचा इतका काटेकोर वापर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पायरी ४: तालमीचा आठवडा समजून घ्या

अमेरिकन पद्धतीत एक भाग साधारण पाच दिवसांत उभा राहतो. पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसून संहिता मोठ्याने वाचतात. लेखक कागदावर खुणा करत ऐकतात. जिथे हशा अपेक्षित होता आणि आला नाही, ते त्याच रात्री पुन्हा लिहायचं. पुढचे दोन दिवस सेटवर तालमी, मग लेखकांसमोर आणि वाहिनीच्या माणसांसमोर सलग प्रयोग, पुन्हा लेखन. मग कॅमेऱ्यांच्या जागा ठरतात. पाचव्या दिवशी संध्याकाळी प्रेक्षक येतात.

ती संध्याकाळ तीनचार तास, कधी त्याहून जास्त चालते, आणि त्यातून पडद्यावर येतो बावीसेक मिनिटांचा भाग. मधल्या वेळात लोक कंटाळू नयेत म्हणून एक विनोदी कलाकार खास नेमलेला असतो. एखाद्या वाक्याला हशा पडला नाही की लेखक तिथेच घोळका करतात, नवं वाक्य नटाच्या कानात सांगतात आणि पुढच्या टेकमध्ये ते येतं. प्रेक्षकांनी तो प्रवेश एकदा ऐकलेला असतो, त्यामुळे नवं वाक्य त्यांना चकवतं आणि हशा दुप्पट होतो. जेम्स बरोज या दिग्दर्शकाने हजाराहून अधिक भाग केले. मॉनिटरकडे बघत बसण्यापेक्षा संवादाची लय ऐकण्यावर त्यांचा भर असे. आपल्याकडे विंगेत उभं राहून प्रयोग ऐकणारे जुने दिग्दर्शक असत, ते मला इथे हटकून आठवतात.

हॉलचं, म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांचं, ऐकण्याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण १९९८ चं आहे. 'फ्रेंड्स'चा लग्नाचा भाग लंडनमध्ये, ब्रिटिश प्रेक्षकांसमोर चित्रित होत होता. चँडलरच्या अंथरुणात पांघरुणाखालून त्याच मित्रांच्या टोळक्यातली मोनिका वर आली आणि लोक इतके ओरडले, इतका वेळ ओरडत राहिले की नटांना थांबून राहावं लागलं. ती एका रात्रीची गंमत म्हणून योजलेली होती. त्या आवाजाने लेखकांचा विचार बदलला. पुढे त्या दोघांचं लग्न झालं आणि मालिकेच्या शेवटच्या सहा वर्षांचा मोठा भार त्या नात्याने उचलला.

पायरी ५: पहिल्या भागावर निकाल देऊ नका

'चीअर्स' ३० सप्टेंबर १९८२ ला सुरू झाली तेव्हा प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती पार तळाशी होती. एनबीसी या अमेरिकन वाहिनीने ती तरीही ठेवली. दोन वर्षांनी गुरुवारच्या रात्री तिच्याआधी 'द कॉस्बी शो' आला आणि त्याचा प्रेक्षक तिच्याकडेही वळला. ती अकरा सीझन चालली. 'साइनफेल्ड'च्या पहिल्या भागाची चाचणी वाईट गेली, वाहिनीने पुढचे फक्त चार भाग मागवले. त्या पहिल्या भागात पुढे मुख्य पात्रांत आलेली इलेन नव्हतीच. तिच्याशिवाय ती मालिका आज डोळ्यांसमोर आणून बघा.

म्हणून कुठल्याही नव्या मालिकेचे सहा भाग बघा आणि पहिल्या व सहाव्या भागाची वही शेजारी ठेवा. सहाव्या भागात माणसं पहिल्यापेक्षा जास्त ओळखीची झाली आहेत का? ज्या पात्राला अनपेक्षित हशा मिळत होता त्याला लेखकांनी जास्त जागा दिली का? मालिका सुधारते आहे का, एवढंच तपासायचं.

उशिरा सुधारणाऱ्याही असतात. चक लॉरींचीच 'मॉम' २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात मुलं, रेस्टॉरंटमधली नोकरी, प्रेमप्रकरणं असा सगळा पसारा होता. हळूहळू लक्षात आलं की जीव आहे तो दारू सोडू पाहणाऱ्या बायकांच्या बैठकीत. मालिका तिकडे सरकली, मुलं कथेतून मागे पडली, आणि आठ सीझन झाले. व्यसन पुन्हा लागण्याचं दुःख आणि हशा एकाच प्रवेशात ठेवणं फार अवघड, पण त्या बायकांनी ते करून दाखवलं.

पायरी ६: पडलेल्या मालिका मुद्दाम पाहा

ही पायरी नवखे टाळतात. टाळू नका, शिकायला सर्वांत जास्त इथेच मिळतं.

'कपलिंग' ही स्टीव्हन मोफॅटची ब्रिटिश मालिका उत्तम चालली होती. 'फ्रेंड्स' संपत आली, जागा भरायची होती, म्हणून एनबीसीने २००३ मध्ये तिची अमेरिकन आवृत्ती काढली. संहिता बहुतांश तीच. चार भाग दाखवून ती बंद झाली. बीबीसीवर मध्ये जाहिराती नसतात, त्यामुळे मूळ भागाला सहज सहासात मिनिटं जास्त मिळायची. मोफॅटचे विनोद हळूहळू रचत नेलेले, त्यांना ती मिनिटं लागतात. शिवाय ते संवाद मूळ नटांच्या तोंडासाठी घडलेले. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा तसाच घातला की तो कुठेतरी काचतोच.

'फ्रेंड्स' संपल्यावर त्यातल्या जोईला घेऊन २००४ मध्ये 'जोई' आली. मॅट लब्लांक तोच, भोळेपणा तोच. दोन सीझनमध्ये ती आटोपली. जोईचा भोळेपणा गोड वाटायचा तो चँडलरच्या तिरकस बोलण्याशेजारी, मोनिकाच्या घरातल्या उघड्या फ्रिजशेजारी. त्याला लॉस एंजलिसला नेल्यावर शेजार राहिला नाही. पायरी ३ मधली जोड्यांची कसोटी इथे लावून पाहा.

'केव्हिन कॅन वेट'चं मला अजूनही वाईट वाटतं. सेवानिवृत्त पोलिसाचं घर, केव्हिन जेम्स नवरा, एरिन हेज बायको डोना. पहिला सीझन, २०१६-१७ चा, ठीक चालला. मग केव्हिन जेम्सच्या जुन्या, यशस्वी मालिकेतली त्याची जोडीदार लीया रेमिनी हिला कायमचं आणायचं ठरलं. दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा डोना वारलेली होती. मधे वर्षभर गेलेलं दाखवलं, एकदोन वाक्यांत तिची आठवण काढली आणि मालिका पुढे हसत निघाली. प्रेक्षक चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. ज्या घरात तुम्ही वर्षभर दर आठवड्याला जाऊन बसलात, त्या घरची बाई गेली आणि कुणी धड रडलंही नाही. २०१८ मध्ये मालिका बंद झाली. याउलट 'चीअर्स'मध्ये कोच हे लाडकं पात्र करणारे निकोलस कोलासांतो १९८५ मध्ये वारले, तेव्हा पुढच्या सीझनमध्ये कोचला निरोप दिला गेला, आणि त्याच्याशी पत्रमैत्री असलेला वुडी म्हणून नवा पोरगा बारमध्ये आला. सुतकाला जागा मिळाली, म्हणून नव्यालाही मिळाली.

आणि समीक्षकांनी झोडपूनही चाललेली एखादी मालिका बघायचीच असेल तर ब्रेंडन ओ'कॅरलची 'मिसेस ब्राउन्स बॉइज' बघा. नट हसू आवरू शकत नाहीत, वाक्यं चुकतात, आणि ते सगळं तसंच ठेवलेलं असतं. घरी बसलेल्या माणसाला आपण त्या हॉलमध्येच आहोत असं वाटतं. मला स्वतःला ती फार रुचत नाही, पण ती का चालली हे मी तिच्याकडूनच शिकलो.

पायरी ७: आजचं गणित लक्षात घ्या

जुन्या पद्धतीत वर्षाला बावीस-चोवीस भाग. पाचवा भाग घरोघर दिसत असताना बारावा लिहिला जात असे, म्हणजे हॉलचं आणि घरचं दोन्ही ऐकून दिशा बदलता यायची. स्ट्रीमिंगवर बहुधा आठदहा भाग आधीच पुरे होतात आणि मग एकदम किंवा आठवड्याला एक असे येतात. चूक कळते तेव्हा दुरुस्तीला भागच उरलेला नसतो. २०२३ मध्ये 'फ्रेझर' नव्याने आली, प्रेक्षकांसमोरच चित्रित झाली, फ्रेझरचं काम करणारा केल्सी ग्रामरही तोच. पण भाऊ नाइल्स नव्हता, वडिलांचं काम करणारे जॉन महोनी २०१८ मध्येच गेले होते. नव्या जोड्या मुरायला वेळ हवा होता आणि दोन सीझननंतर ती थांबली. जुन्या 'फ्रेझर'ला २६४ भाग मिळाले होते.

पद्धत संपली असं मात्र नाही. 'बिग बँग'मधल्या शेल्डनच्या लहानपणावरची 'यंग शेल्डन' सिनेमासारखी, प्रेक्षकांविना घेतलेली होती. तिच्यातूनच निघालेली 'जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज' २०२४ मध्ये पुन्हा स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर आली.

पायरी ८: दहा माणसं जमवा

आता स्वतः एक प्रवेश लिहा. एक खोली, दोन माणसं, चार पानं. एकाला काहीतरी लपवायचं आहे आणि दुसऱ्याला नेमक्या त्याच खोलीत काहीतरी शोधायचं आहे. तिसरं माणूस दुसऱ्या पानाच्या शेवटी दारातून येऊ द्या.

मग घरात दहा माणसं बोलवा. त्यातली निदान चार तुमच्या वयाची नसावीत. एखादी काकू, शेजारचे आजोबा, शाळेतलं पोर असू द्या, कारण समवयस्क मित्र तुमच्यासाठी हसतात. दोघांना वाचायला द्या. तुम्ही वाचू नका आणि त्यांच्यासमोर बसूही नका. पाठीमागे, दाराशी उभे राहा, वही घ्या, पायरी २ मधल्या रेघा, गोल आणि फुल्या काढा. कोण खुर्चीत सरकलं, कोणी मोबाइलकडे पाहिलं, तेही त्या त्या ओळीशेजारी टिपा.

रात्री फक्त कोऱ्या राहिलेल्या ओळी पुन्हा लिहा. रेघा पडलेल्या ओळींना हात लावू नका, तुम्हाला त्या कितीही साध्या वाटल्या तरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा दहा माणसं, त्यांतली पाच नवी.